माशांची गळकी टाकी

मासे पाळायची हौस आमच्या घरात माझी कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. हौस धाकट्याची. २०१९ साली तो नववीत असताना बापाच्या मागे लागला आणि नांदेडहून तीन फुटांची काचेची टाकी दोन गोधड्यांत गुंडाळून, नवी नवरी आणावी तशी जीपमधून बिलोलीला आली. चार गोल्डफिश, खाली रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पंप, एक प्लॅस्टिकचं झाड. गल्लीतली पोरं आठ दिवस आमच्या दारातून हलली नाहीत. कामाला येणारी बाई बोधनकडची, तेलुगू बोलणारी. ती रोज झाडू हातात धरून पाच मिनिटं "चेपलु, चेपलु" करत उभी राहायची आणि मग सगळा कचरा टाकीखाली लोटून जायची.

पुढं काय होतं ते मुलांच्या आयांना सांगायला नको. बारावी झाली, मुलगा पुण्याला इंजिनियरिंगला गेला, आणि मासे आईच्या गळ्यात पडले. दर रविवारी पाव टाकी पाणी काढायचं, तेवढं भरायचं, काच पुसायची, खडे हलवायचे. "हे" विज्ञानाचे शिक्षक. त्यामुळे माशांबद्दलची माहिती सगळी त्यांच्याकडे आणि बादल्या सगळ्या माझ्याकडे, अशी वाटणी कुणी न सांगता होऊन गेली होती.

मामंजींना तर ही टाकी डोळ्यांसमोर नको असायची. १९७२ च्या दुष्काळात ऐन तारुण्यात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडलेली, मिलोच्या लाल भाकरी खाल्लेल्या. तोंड धुतलेलं पाणीसुद्धा कढीपत्त्याच्या बुडाशी जायला पाहिजे, असा त्यांचा दंडक. "माणसाला पाणी नाही अन् माशांचे लाड चाललेत," असं ते जाता-येता म्हणायचे. मी मनातून त्यांच्याच बाजूची होते.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खाट टाकायला जागा एकच, मधली खोली. आणि तिथंच ही टाकी. पहिले पंधरा दिवस ते आढ्याकडे बघत होते. नंतर एकदा भाताचा घास भरवताना माझ्या लक्षात आलं, की ते माझ्याकडे बघत नाहीयेत, माझ्या मागे बघतायत. चारातला एक मासा, पांढऱ्या पोटाचा, काचेला तोंड लावून उभा होता. मामंजींचे डोळे त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे गेले. मान त्या बाजूला वळत नव्हती, म्हणून मी खाट थोडी फिरवली. तरी कोन जुळेना, तेव्हा टाकीचं टेबलही एका बाजूनं वीतभर ओढलं. पाण्यासकट. ते ध्यानात ठेवा, त्याचं पुढं काय झालं ते सांगते.

पण त्याआधी एक खोटी गळती झाली. फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी दोन तास वीज गेली होती. आली तेव्हा टेबलाखाली पाण्याचं थारोळं आणि टाकीतलं पाणी चार बोटं कमी. मी घाबरून काचेच्या कडा चाचपून बघितल्या, सगळ्या कोरड्या. "हे" शाळेतून आले, खाली वाकले आणि हसायलाच लागले. हवेचा पंप टाकीच्या खाली, स्टुलावर ठेवलेला. वीज असेपर्यंत तो नळीतून हवा वर ढकलतो. वीज गेली की ढकलणारं कुणी नाही. मग टाकीतलं पाणीच त्या नळीतून उलटं खाली यायला लागतं, आपण पिंपातून रॉकेल काढायचो ना तोंडानं ओढून, अगदी तसं. उपाय दोन. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर, खिळ्याला टांगून ठेवायचा. नाहीतर नळीत मध्ये एक बारकी झडप बसवायची, ती हवा वर जाऊ देते आणि पाणी परत येऊ देत नाही. माशांच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते. आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते ठाऊकच आहे. ज्यांच्या घरी टाकी असेल त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी पंप कुठं ठेवलाय ते बघावं.

त्या दिवशी आणखी एक शहाणपण आलं. पंपाची वायर टाकीतून निघून थेट भिंतीतल्या बोर्डात गेली होती. पाणी त्या वायरीवरून ओघळत प्लगपर्यंत पोचलं असतं तर? तेव्हापासून वायरीला बोर्डाच्या खाली लोंबता झोळ दिलाय. पाणी आलंच तर तिथून टपकतं, वर चढत नाही. आणि टाकीखाली ओल दिसली की पहिला हात मेन स्विचला, फडक्याला नाही.

खरी गळती एप्रिलमध्ये, रात्री झाली.

मामंजींच्या उशाशी आम्ही स्टीलची वाटी आणि चमचा ठेवतो. काही हवं असलं की ते डाव्या हातानं वाजवतात. त्या रात्री अकराच्या सुमारास वाजली. मी उठले, पाणी पाजलं, कूस बदलली. पुन्हा झोपले तोच वाजली. भांडं दिलं, नको होतं. पांघरूण सारखं केलं. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा दिवसभराच्या उन्हानं आणि कामानं माझं डोकं फिरलेलं. दाराशीच उभी राहून म्हणाले, "मामंजी, आता झोपा की हो. मलाही सकाळी पाचला उठायचं असतं." दिवा लावलाच नाही. थोडा वेळ वाटी वाजत राहिली, मग थांबली.

पहाटे उठले ती पाय पाण्यातच पडला. टाकी अर्ध्याच्या खाली आलेली. मामंजी जागे होते. डोळे टाकीकडे.

काय बोलणार? मेन स्विच पाडला, मासे धुण्याच्या टबात काढले, उरलेलं पाणी बादल्यांत भरलं. मामंजींशी बोलायचं दुपारपर्यंत टाळलं. दुपारी खिमट भरवताना म्हणाले, "मला कळलं नाही हो." त्यांनी डावा हात जरा हलवला. त्याचा अर्थ काय घ्यायचा तो मी माझ्या सोयीनं घेतला.

पाणी तोवर उंबऱ्याखालून गल्लीत गेलं होतं. टाकी काठोकाठ भरली तर शंभर लिटरची. आम्ही नव्वदेक भरायचो. त्यातलं निम्म्याहून जास्त, म्हणजे तीन-साडेतीन घागरी पाणी, एप्रिल महिन्यात रस्त्यावर! उन्हाळ्यात आमच्या नळाचे दिवस लांबतात. शेजारच्या मावशी रिकामी घागर कमरेवर घेऊन दारात आल्या, "ताई, तुमच्या घरातून पाणी येलालंय बगा," म्हणाल्या, आणि आत डोकावून टाकी बघितल्यावर पुढं काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला जास्त लागलं त्याला कारण आहे. माझं माहेर लातूरचं. २०१६ साली लातूरची तहान रेल्वेनं भागवावी लागली होती. मिरजेहून पाण्याची गाडी यायची, 'जलदूत' म्हणून. १२ एप्रिलला पहिली आली तेव्हा तिला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर पाणी. त्याच्या आदल्या महिन्यात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. माझी आई तेव्हा कपडे धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी संडासला वापरायची. मी माहेरी गेले की बिलोलीहून पाण्याचे कॅन न्यायचे. लेक माहेरी जाताना पाणी घेऊन जाते, असं आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. त्या लातूरची मी, आणि माझ्या उंबऱ्याखालून माशांचं पाणी वाहत होतं.

"काढून टाकू," असं मीच पहिल्यांदा म्हणाले. "हे" लगेच "हो" म्हणाले. इतक्या लगेच, की मला रागच आला. पुण्याला फोन केला तर चिरंजीव म्हणाले, "आई, देऊन टाक ना कुणाला. कशाला एवढा त्रास घेतेस?" जसं काही त्रास मीच बाजारातून विकत आणला होता! नणंदबाईंचं वेगळंच. घरातले मासे काढू नयेत, त्यानं लक्ष्मी जाते म्हणे. मी म्हटलं, लक्ष्मीनं रविवारी येऊन दोन बादल्या उचलल्या तर मी आजन्म मासे ठेवीन.

तोवर दुरुस्ती करून बघू, असं ठरलं. इथं आम्ही दोन चुका केल्या, त्या सांगते. तुमचे पैसे वाचतील.

पहिली चूक, काचकाम करणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. त्यानं गळतं टोक शोधलं आणि जुन्या चिकटपट्टीवरच नव्या सिलिकॉनची रेघ ओढून दिली. दिसायला सुरेख. तिसऱ्या दिवशी तिथूनच पुन्हा थेंब. नंतर कळलं, की नवं सिलिकॉन काचेला धरतं, जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला धरत नाही. शिळ्या भाकरीवर ओलं पीठ थापलं तर चिकटेल का? आतल्या कोपऱ्यांतली जुनी पट्टी ब्लेडनं खरवडून सगळीच्या सगळी काढावी लागते. गळतं तेवढंच टोक काढून भागत नाही. दोन काचांच्या मधला सांधा मात्र उकरायचा नाही. मग स्पिरिटनं काच पुसायची, तिला तेलकट बोट लागू द्यायचं नाही, आणि चारी कोपऱ्यांत एका दमात नवी रेघ ओढून ओल्या बोटानं दाबून घ्यायची. सिलिकॉन साधं घ्यायचं, वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते. न्हाणीघरासाठी बुरशीचं औषध घातलेलं मिळतं ते चालत नाही, माशांना बाधतं. नळीवर चोवीस तास लिहिलेलं असतं. आम्ही आठ दिवस वाळू दिलं, वास पूर्ण जाईपर्यंत.

हे सगळं मीच केलं. ह्यांचा हात थरथरतो, आणि पंचवीस वर्षं करंज्यांच्या कडा दाबलेल्या बोटांना ते काही अवघड गेलं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. टाकीत पाणी गाळणारा स्पंज असतो. तो फार घाण दिसला म्हणून मी नळाच्या पाण्यात खसाखसा धुतला, पिळला आणि उन्हात वाळत घातला. आपली स्वच्छतेची सवय! पण त्या घाणीतच उपयोगी जंतू राहतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो, तो मारक असतो. हे जंतू त्याचं रूपांतर कमी घातक क्षारांत करत असतात. थोडक्यात, ते विरजण असतं. विरजणाचं भांडं मी राखेनं घासून ठेवलं होतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं आणि उन्हानं सगळं मेलं. टबात पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. त्यात एप्रिलचं ऊन. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. आम्ही रात्रभर भरून ठेवलेलं शिळं पाणी थोडं थोडं बदललं, टबावर ओलं पोतं टाकलं. तीन वाचले. पांढऱ्या पोटाचा गेला.

मामंजींना सांगितलं नाही. टाकी रिकामी होती तोवर ते त्या जागेकडे, भिंतीवर राहिलेल्या ओलीच्या चौकोनाकडे बघायचे. एकदा मी टब उचलून त्यांच्या खाटेशी आणला. पण झोपलेल्या माणसाला टबाचा फक्त काठ दिसतो. तेव्हा मला समजलं, की त्यांना मासे नुसते घरात असून उपयोगाचे नाहीत, ते बाजूनं दिसायला पाहिजेत. हौद, टब, रांजण यांतलं काहीच कामाचं नाही. काचच पाहिजे.

एका संध्याकाळी ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. आठवड्याला पाणी पंचवीसेक लिटर, तेही नंतर झाडांना जातं. पंपाची वीज नाममात्र. खाणं महिन्याला एक डबी. "तसं बघितलं तर फार नाही," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. त्यात रविवारचे दोन तास कुठंच नव्हते. पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'बादल्या उचलणे, काच पुसणे: कोण?' आणि कागद परत सरकवला. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी." मी म्हटलं, "तारीख घालून सही करा." सही केली. तो कागद अजून फडताळात आहे.

गळतीचं कारणही तेव्हाच निघालं, आणि ते माझ्याकडेच येऊन थांबलं. भरलेली टाकी कधीही सरकवू नये. नव्वद लिटर म्हणजे नव्वद किलो वजन. टेबल जरा पिळलं की काचा पिळतात आणि सांधा कुठंतरी सुटतो. तो लगेच गळत नाही, वाट बघतो. शिवाय आमच्या टाकीखाली थर्माकोलचा पत्राही नव्हता, आणि त्या टेबलाचा एक पाय कागदाच्या घडीवर उभा होता. आता टेबल सुतारानं सारखं करून दिलंय, पाणसळ लावून बघितलंय. टाकी रिकामी असतानाच तिची जागा ठरवली, खाटेवर स्वतः आडवी पडून, मामंजींच्या उशीवर डोकं ठेवून.

टाकी आधी अंगणात भरून पाहिली. पहिल्या दिवशी चार बोटं, दुसऱ्या दिवशी आणखी चार. कडेनं बाहेरून टाल्कम पावडर फासून ठेवली; बारीक ओल आली तरी पावडरीवर लगेच रेघ उमटते. तेच पाणी मग कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातलं, थेंब वाया घालवला नाही. हे मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून घेतलं.

आता टाकी अर्धीच भरायची, असं ठरलं. ह्यांनी मला फळ्याविना शिकवलं, की काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. उंची निम्मी केली की समोरच्या काचेवरचा एकूण जोर चौथाईवर येतो. पाणीही पंचेचाळीस लिटरच लागतं. पण अर्ध्या टाकीत गोल्डफिश ठेवणं म्हणजे छळ. खरं तर भरलेल्या टाकीतही तो छळच होता. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून जास्त जगतो आणि वीतभर वाढतो, हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. ते तिघं अंगणातल्या जुन्या हौदात गेले. नव्या सिमेंटचा चुना माशांना बाधतो; आमचा हौद सासूबाईंच्या वेळचा, त्यातला चुना केव्हाच निघून गेलाय. वरून जाळी टाकलीय, मांजर आणि खंड्यासाठी. नदीत सोडू नका हं असे मासे. मांजरा इथं जवळच आहे आणि पोरं तेच सुचवत होती. पण पाळायचे म्हणून आणलेले परदेशी मासे लोकांनी सोडून दिले, की ते आपल्या माशांच्या मुळावर उठतात.

टाकीत आले गप्पी. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतींवर लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचतो. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते हौदांत, टाक्यांत सोडतात. आमच्याकडे हिवतापाचं काम बघणारे एक कर्मचारी येतात, त्यांनी बाटलीभर दिले, फुकट. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, आणि नाव पडलं ते त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून. मला उगीच वाटायचं, की तो गप्पा मारतो म्हणून गप्पी. नराचं शेपूट चिंधीसारखं रंगीत असतं, मादी साधी, नरापेक्षा मोठी. उथळ पाणी त्यांना चालतं. अंडी न घालता थेट पिलं देतात, महिन्याकाठी.

पाण्याच्या पातळीवर काचेला बाहेरून लाल नेलपॉलिशची रेघ मारलीय. टाकीखाली वर्तमानपत्र पसरलेलं असतं. रात्री झोपताना मी रेघ बघते, कागद चाचपते. रविवारी बादल्या "हे" उचलतात. दोन रविवार चुकले, तेव्हा मी तो कागद फडताळातून काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला होता.

आणि वाटी वाजली की दिवा लावते, कितीही वाजलेले असोत.

परवा भर दुपारी वाजली. मी कणीक टाकून धावले. कागद कोरडा, पाणी रेघेवर, पंप चालू. मामंजींना पाणी नको, भांडं नको. डाव्या हाताचं बोट टाकीकडे. मी वाकून बघितलं तरी दिसेना. चष्मा आणून बघितलं तेव्हा खड्यांच्या कडेला शेवयाच्या तुकड्यांएवढी पिलं, नुसते डोळे आणि शेपूट. मी मोजली, सात. मामंजींनी बोटं दाखवली, पाच आणि मग तीन. पुन्हा मोजली, आठच होती.

संध्याकाळपर्यंत पाच उरली. गप्पी आपलीच पिलं खातात, त्यांना लपायला झाडोरा लागतो. ह्यांना विहिरीतली पाणवेल आणायला सांगितलीय. उद्या शाळेतून येताना आणतील.